मिरजकर सरांची पाचवी खुर्ची

पांडुरंगराव मिरजकर सरांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होताहेत, यावर माझा तरी विश्वास बसत नाही. अहो, गेल्याच महिन्यात गोकुलमच्या रस्त्यावर ते स्कूटरवरून मला मागे टाकून गेले! ‘सरांचे कार्य आणि मूल्ये’ यांवर लिहा, असं गौरवग्रंथाच्या समितीने मला कळवलं आहे. मूल्यांची यादी करणं मला जमायचं नाही. मी एका खुर्चीबद्दल लिहिते.

सरांची पहिली भेट इंजिनीअरिंगच्या वर्गात झाली. हजेरी घेताना ते माझ्या नावाशी थांबले. “घरी मराठीच ना गं?” त्यांनी विचारलं. “हौदु सर,” मी म्हणाले. सगळा वर्ग हसला. “मराठीत विचारलं तर कन्नडमध्ये हो म्हणते. म्हणजे आपल्या म्हैसूरचीच,” असं म्हणून सर पुढच्या नावाकडे वळले.

सर ऑपरेटिंग सिस्टिम शिकवायचे. संगणकाची वेगवान मेमरी असते थोडी आणि मागणारे फार. म्हणून प्रोग्रामचे सारखे तुकडे करतात, त्यांना पेज म्हणतात. जागा भरली की नवं पेज आत घेण्यासाठी जुन्यांपैकी कुणाला बाहेर काढायचं, हा प्रश्न. सर तो फळ्यावर शिकवत नसत. पुढे चार खुर्च्या मांडत आणि एकेकाचं नाव पुकारत. खुर्च्या भरलेल्या असल्या, तर ज्याचं नाव सगळ्यांत जास्त काळ पुकारलं गेलेलं नाही, त्याने उठायचं.

त्या वर्षी आम्हाला चौघांचा मिळून एक प्रकल्प करायचा होता. मला कावीळ झाली आणि मी दोन महिने घरी पडून राहिले. परत आले तर गटात माझ्या जागी वर्गातला मंजुनाथ! चारांहून जास्त जण चालणार नाहीत, असा विभागप्रमुखांचा नियम होता. प्रकल्प नाही म्हणजे वर्ष वाया, आणि बाबांनी तर साफ सांगितलं होतं, “वर्ष गेलं तर साकु. शिक्षण पुरे.”

“दोन महिने तू नव्हतीस गं, आम्ही तरी काय करणार?” गटातली माझी मैत्रीण लता म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती, म्हणूनच मला जास्त संताप आला. मी तिच्याशी बोलणंच टाकलं. स्टाफरूममध्ये जाऊन सरांपुढे रडले. सर एवढंच म्हणाले, “स्वल्प थांब.”

दुसऱ्या दिवशी सरांनी आम्हा पाचही जणांना पुढे बोलावलं. खुर्च्या चारच. आधी मी बसले, मग लता, मग बाकीचे दोघे. मंजुनाथचं नाव आलं, मी उठले. लगेच माझं नाव आलं, लता उठली. लगेच लताचं! तीन फेऱ्यांत आम्हाला धाप लागली आणि वर्ग हसून हसून बेजार झाला.

“नियम पाळलात ना? मग एकही जण निवांत का नाही बसला?” सरांनी विचारलं.

“सर, जो उठतो त्यालाच तुम्ही पुढच्या क्षणी बोलावता!” लता वैतागून म्हणाली.

“नोडम्मा, हे बघ, हा नियम फक्त मागे बघतो. बराच वेळ बोलावलं नाही म्हणजे पुढे लागणारच नाही, हे त्याला कुणी सांगितलं? पुढचं दिसलं असतं तर बिनचूक निवड करता आली असती. ते यंत्राला दिसत नाही आणि मलाही नाही.”

“मग उपाय काय सर?” मंजुनाथने विचारलं.

“कामाला पाच लागत असतील, तर चारांत कितीही अदलाबदल करा, उठाबशाच होणार.” सर बाहेर गेले आणि स्टाफरूममधली स्वतःची खुर्ची उचलून घेऊन आले. तिच्यावर त्यांच्या शिंपीकाम करणाऱ्या वडिलांनी चिंध्या जोडून शिवलेली उशी होती. सरांनी पुन्हा तीन फेऱ्या नावं पुकारली. कुणालाच उठावं लागलं नाही. लताने माझा हात धरला. मीही सोडवून घेतला नाही.

तास संपताच सर विभागप्रमुखांकडे गेले आणि पाच नावांचा कागद सही करून घेऊन आले. खाली सरांच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘जबाबदारी माझी.’ माझं वर्ष वाचलं.

ती खुर्ची प्रकल्प संपेपर्यंत आमच्या प्रयोगशाळेत राहिली. विभागात जादा खुर्ची नव्हती. सर कपाटाच्या कडेला उभे राहून पेपर तपासत. विचारलं की म्हणत, “पाठीला बरं असतं.” शुद्ध थाप! सरांचा एवढाच एक दुर्गुण मला ठाऊक आहे.

नोकरीच्या मुलाखतीच्या सकाळी मंजुनाथच्या शर्टाचं बटण तुटलं, तेव्हा सरांनीच खणातून सुईदोरा काढून ते शिवून दिलं. आज मी हेब्बाळच्या कंपनीत याच मेमरीचं काम करते. टीममधून कुणाला कमी करायची वेळ आली की मी आधी एक खुर्ची शोधते. दरवेळी मिळतेच असं नाही.

सत्कारासाठी समितीने सिंहासनासारखी मखमली खुर्ची ठरवली होती. आम्ही पाच जणांनी भांडून ती रद्द करवली. जुनी खुर्ची प्रयोगशाळेत सापडली आहे. लताने तिची उशी पुन्हा शिवली आहे. तेव्हा सर, त्या दिवशी तुम्ही तिच्यावर बसायचं. आम्ही पाचही जण मागे उभे राहू. तब्येत सांभाळा, स्कूटर जरा हळू चालवा. आणि शंभरी होईपर्यंत कुणीही नाव पुकारलं, तरी उठायचं नाही.