सरांनी निवडलेली भाषा

"मी आहे ना," असं म्हणून सर चष्मा कपाळावर सरकवायचे, आणि समोरच्याची शंका तिथंच संपायची. माझीही संपली. चूक माझी आहेच, पण एकटीची नाही.

नारपोलीत आमचं दोन खोल्यांचं ऑफिस. पॉवरलूमवर डिझाइन चालवणारे छोटे कॉम्प्युटर आम्ही बनवतो. सर माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. मला कामाचं जे काही येतं ते त्यांनीच शिकवलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकून मला कृतघ्न म्हणू नका.

मशीनचं बटण दाबलं की सगळ्यात आधी जागा होतो तो बूट लोडर. तो मग ऑपरेटिंग सिस्टीमला उठवतो. प्रत्येक कारखान्याच्या विजेचे नखरे वेगळे, म्हणून सूचना तिथल्या तिथं बदलता येतील अशी एक छोटी स्क्रिप्टिंग भाषा बूट लोडरमध्ये घालायची ठरलं. कुठली घालायची ते आमच्या शेठनी माझ्यावर सोपवलं. माझ्या नोकरीतला पहिला मोठा निर्णय!

मला लुआ नावाची भाषा हवी होती. वाचली की कळते, उद्या कुणीही नवा माणूस आला तरी सांभाळेल. सरांना हवी होती फोर्थ. "अगं, इवलीशी आहे, चिपमध्ये जागा उरते. आणि बोलते बघ कशी, आधी आकडा, मग काम. टपरीवर आपण 'दोन कटिंग दे' म्हणतो, तश्शी."

फोर्थमध्ये आपले शब्द आपणच घडवायचे असतात. सरांनी मराठीच घडवले, इंग्रजी अक्षरांत: ऊठ, थांब, हाक, दम. 'पाच दम' म्हटलं की मशीन पाच सेकंद दम खायचं. पुरतं उठलं की पडद्यावर ओळ यायची, 'मी आहे ना'. मी हसून हसून लोटपोट.

"पण सर, हे तुमचे शब्द तुमच्याशिवाय कोण वाचणार?"

चष्मा वर गेला. "मी आहे ना."

शेठसमोर मी छातीठोक सांगितलं, फोर्थच. पहिली बारा मशीनं निजामपुऱ्यात एका चाचांच्या कारखान्यात बसवली. "बेटी, लाइट जाके आयेगी तो अपने आप चालू होगा ना?" त्यांनी विचारलं. "होणार म्हणजे होणार," मी म्हणाले. जबान दिली हो मी!

दोन महिन्यांनी सर पेढे घेऊन आले. पुण्याला नोकरी लागली होती. "दिवाळीतच ठरलं होतं गं, जॉइनिंग लांबलं एवढंच."

पेढा माझ्या तोंडातच राहिला. भाषा ठरली होती दिवाळीनंतर. म्हणजे 'मी आहे ना' म्हणताना हा माणूस मनानं कधीच निघून गेला होता. राग आला की मनातल्या मनात मी एकेरीवर येते.

"मग तेव्हा बोलला का नाहीत, सर?"

"सांगितलं असतं तर तू लुआ घेतली असतीस," ते हसत म्हणाले. तुम्हीच सांगा, याला काय म्हणायचं?

उन्हाळ्यात चाचांनी आणखी आठ साधे लूम लावले. लाइट गेली, आली, सगळे लूम एकदम सुरू झाले, व्होल्टेज पडलं आणि माझं एकही मशीन पुरतं उठेना. कारीगर हात बांधून बसले. चाचा रागावले असते तर परवडलं असतं, पण त्यांनी मला बसायला स्टूल आणून ठेवलं. सरांना फोन लावला. "मीटिंगमध्ये आहे, मग करतो." अजून करतायत.

दुपारभर स्टुलावर बसून एकेक शब्द सोडवत गेले. हाकेच्या आत थांब, थांबच्या आत दम. व्होल्टेज सावरायला सरांनी बारा लूमांपुरताच दम धरला होता. पाचाचे वीस केले. मेन स्विच पाडला, पुन्हा चढवला, आणि वीस सेकंद श्वास रोखून उभी राहिले. मग एकामागून एक बाराही पडद्यांवर तीच ओळ आली.

चाचांनी चाळशी लावून ती अक्षर अक्षर वाचली. "तूने लिखा है ना, बेटी? सही लिखा है."

मी वायरी गोळा करून पिशवीत भरल्या. रिक्षात बसल्यावर मात्र ढसाढसा रडले.

ती ओळ पुसायला मला एक मिनिट लागेल. पण पुसलेली नाही. निजामपुऱ्यात लाइट गेली की फोन मलाच येतो, आणि मी जाते.