गुडघ्यानं वाजवायची गिटार

निवृत्त झाल्यावर सहा महिन्यांनी मी एक जुनी पेडल स्टील गिटार घरी आणली, तेव्हा आमच्या ह्यांनी तिला इस्त्रीचं टेबल समजून तिच्यावर दोन शर्ट ठेवले. त्यात त्यांची फारशी चूक नव्हती. चार बारीक पाय, वर लांबट फळी आणि फळीवर आडव्या दहा तारा. खाली पायानं दाबायची तीन पेडलं, आणि मांड्यांच्या आजूबाजूला लोंबणाऱ्या लोखंडी पट्ट्या, त्या गुडघ्यानं ढकलायच्या. डाव्या हातात स्टीलची गुळगुळीत कांडी धरून तारांवरून सरकवायची, उजव्या हातानं तार छेडायची, आणि पेडल दाबलं की ठरलेल्या तारा जरा जास्त ताणल्या जाऊन सूर चढायचा. तीस वर्षं मी एका कचेरीत आवक-जावक सांभाळली होती. शरीराचे एवढे अवयव एकाच वेळी कामाला लावायची सवय मला नव्हती.

कॉलेजात असताना मी साधी हवाईयन गिटार शिकले होते, तेवढ्या भांडवलावर हे धाडस होतं. विकणारे कामठीचे एक वयस्कर गृहस्थ होते. आयुष्यभर त्यांनी प्रार्थनेला ही गिटार वाजवली होती; आता बोटं थरथरतात म्हणून ते ती सोडून लेकीकडे राहायला निघाले होते. त्यांनी ती ऑटोत नीट बसवून दिली, वर एक चादर पांघरली आणि म्हणाले, थोडी सुरात आणून घ्या, बाकी काही नाही.

त्या थोड्यात माझे अकरा दिवस गेले. मोबाईलवर सूर दाखवणारं ॲप घेतलं. पेडल दाबून तार सुरात लावायची, ॲपची सुई हिरवी व्हायची, मला आनंद व्हायचा. पाय काढला की तीच तार भलतीकडेच. मग पाय न ठेवता लावायची, आणि पेडल दाबलं की पुन्हा बोंब. खुंट्या पिळून पिळून माझा अंगठा सुजला. एकदा तार तुटली तेव्हा खिडकीतलं मांजर जे गेलं ते चार दिवस आलं नाही. हे मात्र रोज संध्याकाळी त्याच वेळेला फिरायला जाऊ लागले. डॉक्टरांनी सांगूनही आजवर कधी गेले नव्हते.

शेवटी मैत्रिणीला फोन केला. तिचं माहेर उमरेडचं, घरात हातमाग. कॉलेजात आम्ही एकाच सरांकडे गिटार शिकलो. मी लग्नानंतर सोडली. तिनं शाळेत संगीत शिकवलं, सुट्ट्यांत ऑर्केस्ट्रात वाजवलं, आणि अजूनही कुकरच्या शिट्टीचा सूर कोणता ते ती सांगते.

ती आली, गिटारीभोवती एक फेरी मारली आणि मला म्हणाली, वाजव. मी पेडल दाबून खुंटीला हात घातला तशी तिनं माझा हात धरला.

"खुंटी काहून फिरवून राहिली वं? खुंटी मोकळ्या तारेची आहे. पेडलचा सूर दुसरीकडून लावाचा असंन."

मग तिनं चटई मागवली, पदर खोचला, चष्मा कपाळावर चढवला आणि मोबाईलचा टॉर्च लावून ती सरळ गिटारीखाली उताणी झोपली. मागाची पावडी पायानं दाबली की दोरी ओढली जाते, तसंच हे आहे, असं ती खालून सांगत होती. पेडलपासून सळ्या निघतात, त्या तारांच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पोचतात. त्या टोकाला पांढऱ्या सहाकोनी चकत्या होत्या. मी त्या अकरा दिवस शोभेच्या समजत होते. पेडलचा सूर तिथं लावायचा होता.

चकती बोटांनी फिरेना. एकच काय ती सैल होती, ती काढून घेऊन मी सीताबर्डीतल्या सायकलच्या दुकानात गेले. दुकानदारानं ती उलटसुलट पाहिली आणि सायकल कोणती आहे ते विचारलं. सायकल नाही, गिटार आहे, म्हटलं. किती गिअरची, असं त्यानं अगदी गंभीरपणे विचारलं. मी तीन म्हणून सांगितलं. नेमका बसेल असा छोटा पान्ना त्यानं शोधून दिला.

परत आले तर ती अजून खालीच, सळ्यांना तेल देत होती. तिचा चेहरा दिसत नव्हता म्हणून असेल, पण चाळीस वर्षं आत ठेवलेली गोष्ट माझ्या तोंडून निघाली. कॉलेजच्या गॅदरिंगला आम्ही दोघींनी मिळून वाजवलं होतं आणि सगळं बेसूर झालं होतं. हिची गिटार उतरली होती, असं मी सरांना सांगितलं होतं. सर तिला सगळ्यांसमोर बोलले. प्रत्यक्षात माझी उतरली होती. घाईत मी ती लावलीच नव्हती.

खाली तेलाच्या डबीचा टकटक आवाज थांबला.

"मले तवाच माहीत होतं," ती म्हणाली.

"मग बोलली काहून नाहीस?"

"सर तुले बोलले असते तर तू दुसऱ्या दिवशी गिटार सोडली असती. मी सोडणाऱ्यातली नव्हती." आणि गिटारीखालून हात बाहेर काढून, "तो पान्ना दे इकडे."

मी पान्ना खाली दिला. डोळे पुसायला तेवढा वेळ मिळाला.

मग आम्ही रीतसर बसलो. आधी सगळ्या मोकळ्या तारा खुंटीनं, मग एकेक पेडल दाबून पान्न्यानं. दोन तारांवर आमचं भांडण झालं. ॲप हिरवं झालं होतं, ती ऐकेना. ती तार केसभर उतरव म्हणाली. सुई बरोबर दाखवतेय, मी म्हटलं. तिनं मोबाईल उचलून पालथा ठेवला.

मी तीन तारा एकदम छेडल्या आणि ती एक हळूहळू केसभर उतरवली. आधी त्या आवाजात एक बारीक थरथर होती, वाँव-वाँव अशी. ती हळूहळू मंदावली आणि नाहीशी झाली. सूर नुसता उभा राहिला. तेवढ्यात मी पेडल दाबलं, आणि तो मोडला नाही, अलगद वर चढला.

त्यानंतर मी पाटोडीची रस्साभाजी वाढली. जेवून हात धुतल्याबरोबर ती गिटारीशी बसली ती संध्याकाळ होईतो उठली नाही. माझी पाळी आलीच नाही. हे फिरून आले, दाराशीच चपला हातात घेऊन थोडा वेळ ऐकत थांबले, आणि चहा मी ठेवतो म्हणाले. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

आता ती दर गुरुवारी येते. मे महिन्यात कूलर सुरू झाला की तारांचे सूर हलतात, तेव्हा मी तिला फोन लावते, फोन गिटारीवर ठेवते आणि पेडल दाबून एकेक तार छेडत जाते. ती तिकडून कान लावून ऐकते. मध्येच फक्त म्हणते, "सहावी," आणि मी पान्ना उचलते.