पवई की घाटकोपर

बाबांच्या पार्किन्सन्सला आता काही वर्षं झाली. मागच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, आजार हळूहळू वाढत जाणार, पुढची सोय आताच ठरवून ठेवा. झालं! त्याच रविवारी घाटकोपरच्या आमच्या घरात मी आणि दादा हमरीतुमरीवर आलो.

दादाला बाबांना पवईला, आपल्या फ्लॅटवर न्यायचं होतं. लिफ्ट आहे, मोठं हॉस्पिटल जवळ आहे, दिवसभरासाठी केअरटेकर ठेवता येईल. मी म्हणत होते, त्यांचं अख्खं आयुष्य या घरात गेलं, फिजिओथेरपिस्ट इथे येते, गोळ्यांच्या वेळा आईला पाठ आहेत, कुठे हलवायचं नाही. मी बाबांच्या बाजूने भांडत होते, त्यामुळे आवाज माझाच मोठा होता.

"मेल्यांनो, तेंका इचारा आधी!" आई स्वयंपाकघरातून ओरडली.

"बाबा, तुम्हाला इथेच राहायचंय ना?" मी विचारलं आणि लगेच दादाकडे वळले, "बघ!"

बाबांनी टेबलावर थाडकन हात आपटला. एके काळी ते गिरणी कामगारांची नाटकं बसवायचे. त्यांच्या ओरडण्याला भलेभले टरकायचे. आता आवाज बारीक झालाय, शब्द ओठांवर यायला वेळ लागतो.

"तालीम," ते म्हणाले.

आधी काही कळेना. कळलं तेव्हा माझ्या अंगात वारंच शिरलं. किती वर्षांनी हा शब्द घरात ऐकला! त्यांनी भूमिका वाटल्या. मी बाबा, दादा केअरटेकर. मी कॉटवर आडवं पडायचं आणि मनात दहा आकडे मोजल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही.

दादाला चेव चढला. "चहा घेणार?" मी तिनावर होते. "नको वाटतं," म्हणत त्याने कप उचलून स्वतःच संपवला. "पंखा बंद करू?" विचारता विचारता केलासुद्धा. मी घामाने भिजून सातापर्यंत पोचले, तर "झोप लागली वाटतं," म्हणून त्याने माझ्या तोंडावर चादर ओढली. आई हसून हसून पदराने डोळे पुसत होती.

मी ताडकन उठून बसले. "अरे, जिवंत आहे मी! थांब ना जरा!"

"हेच," बाबा म्हणाले. मग दम घेऊन, "पॉज... घ्यायला शिका."

आमचं हसणं तिथेच थांबलं. मी त्यांच्या पुढ्यात जमिनीवर बसले आणि नीट विचारलं, "बाबा, इथे राहायचं की पवईला?"

आणि थांबले. कुकरची शिट्टी झाली. दादाने तोंड उघडलं, मी त्याला चिमटा काढला. उत्तर मला माहीतच होतं.

"पवई."

"काय?"

"लिफ्ट," ते म्हणाले. "इथे तीन जिने. तुम्ही खुर्चीत घालून उतरवता... डॉक्टरकडे. मला नुसतं... खाली फिरायचंय. पवईच्या तलावावर."

दादा नाचायलाच लागला. मला खरं तर राग यायला हवा होता, पण बाबांना काहीतरी हवंय, मनापासून हवंय, याचाच इतका आनंद झाला की मीही त्याच्याबरोबर नाचले. बाबांनी दटावून अटी सांगितल्या. आई सोबत येणार. फिजिओ इथलीच हवी, मग तिच्या रिक्षाच्या भाड्याचं बघा. केअरटेकर निवडताना प्रश्न ते विचारणार.

"मगे कधी जावया?" आईने विचारलं.

आम्ही तिघंही त्यांच्या तोंडाकडे बघत बसलो. या वेळी कोणीही मध्ये बोललं नाही.

"आत्ता," बाबा म्हणाले.