बुर्गीच्या घरात निखारा उरत नाही

पेलेटचं, म्हणजे भुसा दाबून केलेल्या जळणाच्या गोळ्यांचं, कौतुक करायला बुर्गीला कुणी सांगावं लागत नसे. "टँकर वर्षातून एकदा येतो, नळीनं कोठीत ओतून जातो. फोडणं नाही, वाहणं नाही, धूर नाही. बॉयलर आपला आपण पेटतो. उद्या मी मेले तरी घर गरम!" चर्चच्या पायऱ्यांवरसुद्धा तिचं हेच पुराण. म्यूलफिर्टेलच्या डोंगरातल्या बायका, जन्मभर लाकडं फोडलेल्या, ऐकून नाकं मुरडायच्या.

एक फायदा मात्र तिनं कुणालाच सांगितला नव्हता. पेलेट जळून मूठभर राख उरते, निखारा उरत नाही.

आणि निखारा नाही म्हणजे धुरी नाही. तीन राजांच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी चुलीतले निखारे तव्यात घ्यायचे, वर धूप टाकायचा आणि खोलीन् खोली धुरवायची, ही तिथली रीत. जिवंतांच्यात ज्याचं काम उरलं नाही, ते त्या धुरानं निघून जातं. बुर्गीला नेमकं तेच नको होतं. तिचा नवरा कोलोमान मागच्या थंडीत पाठीवर लाकडांची टोपली घेऊन तळघराच्या जिन्यात कोसळला; पेलेटचा बॉयलर त्यानंतर आला. गेला म्हणे! गेला कुठे? बॉयलर पेटला की त्याच जिन्यावर त्याचा खोकला यायचा. मग धप्प, धप्प, लाकडं रचल्याचा आवाज. तळघरात तर एक ढलपीसुद्धा नव्हती. तिच्या अंगावर काटा यायचा, पण बरंही वाटायचं. माणूस घरात होता ना!

त्या संध्याकाळी धाकटी नणंद झेंत्सी धगधगता तवा घेऊनच दारात उभी राहिली.

"वहिनी, ऊठ. माझ्या चुलीतले निखारे आणलेत."

"परक्या चुलीतले चालत नाहीत, वन्सं."

"मी या घरात जन्मले आणि मीच परकी? शहाणीच आहेस!"

झेंत्सीनं माजघर धुरवलं, माडी धुरवली, अन् तळघराकडे वळली. तिथं बुर्गी दाराला पाठ लावून उभी.

"इथं नाही. पाया पडते तुझ्या."

तेवढ्यात खाली बॉयलर पेटला. पाठोपाठ खोकला आला. झेंत्सी पांढरीफटक पडली.

"अगंबाई... दादा!" तिनं दाराला कान लावला, बराच वेळ. मग रडायलाच लागली. "वहिनी, दम लागलाय गं त्याला. अजून वाहतोय तो. त्याला कुणी सांगितलंच नाही का?"

वर्षभर बुर्गीनं खोकला ऐकला, धपधप ऐकली. ही धाप कधी कानावर घेतलीच नव्हती. पेलेटचं पुराण सगळ्या गावाला ऐकवलं, नि ज्याची पाठ मोडली त्यालाच तेवढं सांगायचं राहिलं.

तिनं तवा हातात घेतला, दार उघडलं आणि जिना उतरू लागली.

"अहो, ऐकताय ना? लाकूड लागत नाही आता. खरंच सांगते, एक काटकीसुद्धा नको. मी गारठत नाही. ठेवा ती टोपली, किती दमलात! जा आता तुम्ही."

धूर अंधारात खाली खाली गेला. धाप मंदावली. काहीतरी जड जमिनीवर टेकलं, आणि सगळं थांबलं.

"अहो?" बुर्गी घाईघाईनं म्हणाली. "अहो, एवढ्यात नव्हतं म्हटलं मी!"

खाली बॉयलर नुसता जळत होता.