दोरी, खाट, ताडपत्री

भाऊ कापडाचा कोपरा अंगठा आणि दोन बोटांत धरायचे, डोळे मिटायचे आणि हळूहळू चोळायचे. मग वस्तू जिथल्या तिथे ठेवून मला म्हणायचे, "माल चांगला आहे. दम धर वं बाई. संक्रांत होऊ दे."

आमच्या रामदासपेठेतल्या ऑफिसात ते दफ्तरी होते. जुन्या फायली लाल फितीनं बांधायच्या, फडताळात लावायच्या आणि कुणी मागितली की धूळ झटकून काढून द्यायची, हे त्यांचं काम. सगळे त्यांना भाऊ म्हणत. मी नवी टायपिस्ट, त्यांच्या मुलीच्या वयाची, म्हणून मला पहिल्या दिवसापासून ते अगं-तुगं करत.

त्या काळी हिवाळ्यात दर रविवारी बर्डीवर जुन्या गरम कपड्यांचा बाजार लागायचा. परदेशातून गठ्ठे यायचे. कुण्या गोऱ्या माणसानं टाकलेला कोट आमचा कारकून चार वर्षं घालायचा. तिथे ओळखीचं कुणी दिसलं की तुमच्यापैकी किती जणांनी तोंड फिरवलं असेल ते मला सांगू नका, मीही फिरवलं आहे. भाऊ मात्र लांबूनच हाक मारत, "काय साहेब, आले का कोटाले?" साहेब बिचारे चष्मा पुसत बसत.

तिथल्या एका कोटवालीवर भाऊंची फार मर्जी होती. तिचा माल तीन पायऱ्यांनी उतरायचा. थंडी सुरू झाली की कोट दोरीवर टांगलेले, भाव चढा. महिनाभरानं तेच कोट खाटेवर ढीग करून. संक्रांत झाली की उरलासुरला माल जमिनीवर, ताडपत्रीवर, भाव निम्म्याहून कमी. भाऊ ताडपत्रीवरचं गिऱ्हाईक. तेव्हा घेतलेला कोट कडुलिंबाचा पाला घालून पेटीत जायचा आणि पुढच्या हिवाळ्यात बाहेर निघायचा. ऑफिसात तर ही भाषाच होऊन गेली होती. नवा अधिकारी फार तोऱ्यात वागू लागला की भाऊ कानाशी येऊन म्हणत, "अजून दोरीवर आहे. उतरन हळूहळू."

त्यांचं घर बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेलं. मी एकदा विचारलं, "भाऊ, तुम्ही तर संक्रांत करत नाही ना?"

"मी नाही मानत. पण कोटवाली मानते, त्याले मी काय करू?"

मला त्यांनी या बाजाराची दीक्षा दिली. एक, घेतल्याशिवाय वस्तूचं नाव कुणाजवळ काढायचं नाही, नाव काढलं की गिऱ्हाईक वाढतं. दोन, मनात भरलेला माल ढिगाच्या तळाशी, एखाद्या भिकार कपड्यात गुंडाळून ठेवून द्यायचा, म्हणजे भाव उतरेपर्यंत तो कुणाच्या नजरेस पडत नाही. आणि तीन, म्हणूनच आपण नेहमी तळाशी हात घालून पाहायचं. दुसरा आणि तिसरा नियम एकमेकांवर उलटू शकतात, हे तेव्हा त्यांच्याही लक्षात आलं नाही अन् माझ्याही.

त्या वर्षी भाऊंच्या मुलीला दिल्लीहून सरकारी नोकरीच्या मुलाखतीचं पत्र आलं. घराण्यातली पहिली पदवीधर पोरगी. भाऊंनी ते पत्र साहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांना दाखवलं. मुलाखत संक्रांतीनंतरच्या आठवड्यात होती. दिल्लीच्या थंडीचं वर्णन ज्यानं त्यानं आपापल्या परीनं केलं आणि भाऊ प्रत्येकाला सांगत, "तिची सोय केली आहे मी."

संक्रांतीच्या आधीच्या रविवारी मी बाजारात गेले. मला सकाळी ऑफिसला सायकलवर यावं लागे आणि माझा स्वेटर कोपरात विरला होता. गुरूच्या शिकवणीप्रमाणे खाटेवरच्या ढिगात मी पार तळाशी हात घातला. कॉर्डुरॉयच्या एका फाटक्या पँटमध्ये गुंडाळलेला बायकांचा लांब कोट निघाला. गडद निळा, आत अस्तर, बटणं सगळी जागेवर. मी दम धरला नाही. खाटेचा भाव देऊन मोकळी झाले.

सोमवारी तो कोट घालून मी मिरवतच ऑफिसात शिरले आणि आधी भाऊंच्या टेबलापाशी गेले. "भाऊ, पाहा! कुण्या शहाण्यानं तळाशी लपवला होता. मी काढला."

भाऊंनी बाहीचा कोपरा बोटांत धरला, डोळे मिटले. नेहमीपेक्षा बराच वेळ मिटलेले ठेवले.

"लय चांगला आहे," ते म्हणाले. "घेऊन टाकला ते बरं केलं. थांबली असती तर गेला असता."

थांबू नये असं भाऊंच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं होतं. तरी माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. मी दिवसभर कोट कुरवाळत टाइप करत बसले.

मंगळवारी सकाळी सायकल लावून मी गारठलेले हात खिशात घातले, तर आत काहीतरी लागलं. फायली बांधायच्या लाल फितीचा तुकडा होता, दोन गाठी मारलेला. मी तो बाहीवर धरून पाहिला. एक गाठ खांद्याच्या शिवणीवर आली, दुसरी बरोबर मनगटावर. कुणीतरी एका मुलीच्या हाताचं माप घेऊन आलं होतं आणि कोट लपवण्याच्या घाईत ती फीत खिशातच विसरलं होतं.

तशीच भाऊंकडे गेले आणि फीत त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ऑफिसची होय," ते म्हणाले. "जमा करून टाक."

"भाऊ, हा कोट घेऊन जा."

"काहून? तू पैसे देऊन घेतला, तुहा झाला. पोरगी दोन स्वेटर घालून जाईन." आणि ते फाइल बांधू लागले. गाठ काही त्यांना नीट मारता येईना.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कोट पिशवीत घालून मी त्यांचं घर गाठलं. बुद्धाच्या तसबिरीखाली मुलगी पेटी भरत होती. एकावर एक दोन स्वेटर घातल्यामुळे तिला हात वाकवता येत नव्हते आणि ती स्वतःलाच हसत होती. भाऊ हसत नव्हते.

मी कोट काढून खाटेवर ठेवला. "संक्रांत झाली, भाऊ. भाव उतरला."

त्यांनी कोटाची घडी सारखी केली. मग म्हणाले, "दोरीचा भाव घे."

"मी खाटेच्या भावानं घेतला आहे."

"मले नको सांगू. दोरीचाच घे. पहिल्याच दिवशी घ्याले पाहिजे होता. पोरगी दिल्लीच्या थंडीत जाऊन राहिली, अन् मी बाप भाव पाहून राहिलो."

मी नाही म्हणत राहिले. शेवटी त्यांची बायको चहा ठेवता ठेवता म्हणाली, "घेऊन घे वं बाई. जन्मात पहिल्यांदा दोरीचा भाव देऊन राहिले ते. पुन्हा पाहाले भेटणार नाही."

मी पैसे घेतले. परतताना सायकलवर मला रडू आलं, आणि त्याचं मला आजही काही वाटत नाही. पुढच्या रविवारी भाऊंनी मला स्वतः बाजारात नेऊन ताडपत्रीवरून एक राखाडी कोट काढून दिला. तो माझ्या घोट्यापर्यंत यायचा. "दम धरला म्हणून भेटला," असं ते वर सांगत होते.

मुलीला ती नोकरी लागली. काही वर्षांनी भाऊ निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेल्या माणसाच्या गाठी फार पक्क्या होत्या, सुटता सुटत नसत.

शेवटचे ते मला ऐन मे महिन्यात दिसले. दुपारी ऑफिसच्या फाटकाशी उभे, अंगात गरम कापडाचा काळा कोट.

"अहो भाऊ, हे काय? ऊन पाहा!"

"पोरगी सुट्टीवर आली. तिनं दिल्लीहून आणला. दुकानातला आहे, नवा. कोनाच्या अंगाचा नाही."

"मग थंडी तरी येऊ द्या."

"आता नाही दम धरत मी." त्यांनी बाही पुढे केली. "पाह्य तं."

मी बाहीचा कोपरा बोटांत धरला, डोळे मिटले, चोळला. "माल चांगला आहे, भाऊ."

त्या वर्षीची थंडी पडायच्या आत ते गेले. पण त्या दुपारी, गळ्यापर्यंत बटणं लावून, घामानं निथळत, ते झाडांची सावली सोडून मुद्दाम रस्त्याच्या मधून चालत गेले, सगळ्यांना कोट दिसावा म्हणून.