जातो म्हणू नये

ज्याचं नावही मला ठाऊक नाही, त्याच्याबद्दल लिहितोय. चुकलं तर माफ करा.

तो सुदानहून परळला शिकायला आला होता. आमच्या कॉलेजसमोर माझी आई चपातीभाजी विकते. तिथे तो रोज जेवायचा, ताट स्वतः विसळायचा आणि निघताना म्हणायचा, "आई, जातो."

"मेल्या, जातो म्हणू नये! येतो म्हणावं."

"पण मी तर लेक्चरला जातोय!"

"येतो म्हटलं की माणूस परत येतो," आई बजावायची.

मग त्याच्या गावात युद्ध पोचलं. आपल्या आईला बाहेर काढायला तो निघाला, तेव्हा हात जोडून "येतो" म्हणाला. माझी आई निर्धास्त राहिली.

काल त्याच्या रूममेटने सांगितलं, त्याची म्हातारी सीमेपार सुखरूप पोचली. तिला ट्रकमध्ये चढवताना गोळी लागून तो गेला.