श्वास सोडू नको

त्या दिवशी रावांच्या घरी माझा राग गेल्याचं प्रदर्शन होतं.

मी खाली अंगणातल्या दगडावर मांडी घालून बसलेली. उजव्या अंगठ्यानं नाकपुडी दाबलेली. वर ओसरीत झोपाळ्यावर राव. शेजारी दोन पाहुणे, एक वकील, एक कालवे खात्यातला इंजिनियर. हातात कॉफीचे टंबलर. राव त्यांना म्हणाले, "काय पाहिजे ते बोला हिला. हिला राग येत नाही आतां."

वकिलानं जरा विचार केला. मग विचारलं, "हिचा बाप कोण म्हणून हिच्या आईला तरी माहीत अहे की?"

मी चार आकडे मोजत श्वास घेतला. सोळा आकडे कोंडला. आठ आकडे मोजत सोडला.

इंजिनियर पुढे वाकला. "मास्तरीण होऊन काय शिकवशील गे? भांडी घासायला?"

पुन्हा चार. पुन्हा सोळा. ते हसत होते आणि मी मोजत होते.

रावांचे पूर्वज मराठा राजांबरोबर तंजावरास आले ते पालखीत बसून. माझे आले त्याच पालखीच्या दांड्याखाली. दोघांची भाषा एकच, मराठी. आई रावांकडे भांडी घासायची, भात कांडायची. घासलेली भांडी मागच्या दारी पालथी घालायची. मग रावांची बायको, जिला आम्ही मामी म्हणत असू, त्यांच्यावर पाणी ओतून आत घ्यायची. आईच्या हाताची राख चालायची, हात चालत नव्हता. हे मी ज्या अक्षरांत लिहिते आहे ती हिंदीच्या वर्गात शिकले. भाषा आईची आहे.

भांडण एस.एस.एल.सी.च्या, म्हणजे शालान्त परीक्षेच्या, निकालावरून झालं. मी पास. रावांचा नातू नापास. मामी म्हणाली, "कोणाचं बघून लिहिलीस?"

मी म्हटलं, "तुमच्या नातवाचं बघितलं असतं तर मीपण नापास झाले असते."

शिक्षा मला नाही झाली. आईला झाली. भर दुपारी तिला अंगणात उभं केलं, पायांत काही नाही, दगड तापलेला. माझा राग तेव्हा असा होता की हातातला तांब्या भिंतीवर आदळून चेपला. राव ओसरीतून बघत होते. ते कधी मारत नसत. मारणारा परवडला.

मला शिक्षिकेच्या ट्रेनिंगला जायचं होतं. त्यासाठी चांगल्या वर्तणुकीचा दाखला हवा, तोही अधिकाऱ्याच्या सहीचा. राव निवृत्त तहसीलदार. आमच्यासारख्यांना ओळखणारा दुसरा अधिकारी कुठून आणायचा? रावांनी दाखला लिहून ठेवला, खाली जागा मोकळी सोडली. म्हणाले, "तुझं रक्त तापट अहे. रोज पहाटे येऊन माझ्याकडे प्राणायाम कर. राग गेला की सही करतों." आईनं त्यांच्या पायांपासून दोन हात लांब जमिनीवर डोकं टेकलं.

मी जाऊ लागले. ते आत मृगाजिनावर, मी बाहेर दगडावर. वारा आत वाहत असला की म्हणायचे, "तिकडे तोंड कर. तुझा सोडलेला श्वास इकडे नको." पहिल्याच दिवशी मी चुकले. त्यांनी सांगितलं, "आतां श्वास सोडू नको." आम्हा तंजावरच्या मराठी लोकांच्या बोलण्यात ह्याचा अर्थ एकच, तोंडातून अक्षर काढू नको. तमिळमध्ये तसं म्हणतात, आमच्या मराठीत ते तसंच आलं. आईला तर जन्मभर ही एकच आज्ञा मिळाली होती. मी ओठ घट्ट मिटले आणि नाकानं खुशाल श्वास घेत-सोडत बसले. मुकाट बसायला सांगताहेत असंच मला वाटलं. राव पोट धरून हसले. मामीला हाक मारून सांगितलं, श्वास कोंडायचा तो कुंभक, ही गप्प बसणं समजली. घरभर झालं ते.

खोटं कशाला सांगू, प्राणायामानं गुण येत होता. हातांचा कंप थांबला. झोप लागू लागली. मामी काही बोलली की आधी कानशिलं तापायची, आता तापेनात. मला बरं वाटायचं. राव खरंच माझं भलं करताहेत असंही वाटायचं. त्याची लाज मला अजून वाटते.

मग एके सकाळी मामीनं भाताची कढत पेज मागच्या दारी भिरकावली. आई तिथं वाकून भांडी घासत होती, हे तिला दिसत होतं. आईच्या दोन्ही पायांवर पेज पडली. मी दगडावर होते, श्वास कोंडलेला. अकरा आकडे झाले होते. मी बारा मोजले. तेरा मोजले. सोळा पुरे केले, आठ आकड्यांत सोडला आणि मग उठले. आई माझ्याकडे बघत होती. रावांनी मान डोलावली. शाबास म्हणाले.

म्हणूनच त्या दिवशी पाहुणे बोलावले होते. दाखला झोपाळ्यावर रावांच्या मांडीशी होता, पेनचं टोपण काढलेलं. वकिलाचं आणि इंजिनियरचं बोलून झालं तेव्हा राव म्हणाले, "हें काहीच नाही. खरी परीक्षा बघा." आणि त्यांनी आईला हाक मारली.

आई आली. पायांना चिंध्या बांधलेल्या.

"कान धर. उठाबशा काढ."

आईनं का म्हणून विचारलं नाही. पदर खोचला, हात उलटे करून कान धरले आणि बसली. उठली. शाळेत पोरांना करायला लावतात तसं. पाहुणे आईकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते.

"श्वास घे," राव मला म्हणाले. मी घेतला. "सोडू नको."

मी मोजू लागले. एक. आई बसली. दोन. आई उठली. तिच्या चिंधीतून पाणी झिरपत होतं. पाच. सहा. तिनंही श्वास कोंडला होता. तोंडातून हूं नाही, चूं नाही. सात. तेव्हा मला कळलं की माझा पहिल्या दिवशीचा अर्थच बरोबर होता. रावांना कुंभक शिकवायचाच नव्हता. आईला जे शिकवलं तेच ते मला शिकवत होते, फक्त मला संस्कृतातून.

नऊला मी नाकावरचा अंगठा काढला आणि उभी राहिले. आईचे हात धरून कानांवरून खाली घेतले. वारा ओसरीकडे वाहत होता. मी तोंड फिरवलं नाही.

"राव, मी सोडला," मी म्हटलं. "आता ऐका. तुमचा नातू नापास आहे. तुमची बायको माणसाच्या पायांवर पेज ओतते. आणि तुम्ही बघत बसता. तुमच्या वर्तणुकीवर सही कोण करणार?"

रावांनी पेनला टोपण लावलं. दाखल्याच्या चार घड्या केल्या आणि तो टंबलरखाली घातला, झोपाळ्यावर कॉफीचा डाग पडू नये म्हणून.

रस्त्यावर आल्यावर आईनं माझ्या तोंडात मारली. "कां गे असं केलीस? दोन निमिष उगी असायचं होतं. सही झाली असती." ती खरंच बोलत होती. ट्रेनिंगची जागा गेली. आईचं काम गेलं. मी भाताच्या गिरणीच्या आवारात भात वाळवायला लागले. आजही तेच करते. आई मरेपर्यंत तिनं मला माफ केलं नाही, आणि तिनं करावं अशी अपेक्षा मीही ठेवली नाही.

प्राणायाम अजून करते. गिरणीतला मेस्त्री, म्हणजे मुकादम, एखाद्या बाईला घाणेरडं बोलला की चारात घेते, आठात सोडते. मधलं कोंडणं मी टाकून दिलं. हात स्थिर होतात, आवाज कापत नाही. मग त्याच्यासमोर जाऊन जे सांगायचं ते सगळं सांगते, एकही शब्द न गिळता. दोनदा त्यानं मला कामावरून काढलं. दोन्ही वेळा बायकांनी भात उन्हात तसाच टाकला आणि त्याला मला परत बोलवावं लागलं. तिसऱ्यांदा बोलावणार नाही, हे मला ठाऊक आहे. तरी मी बोलणार आहे. राग घालवायला मला कुणी सांगू नये. तो माझ्या आईच्या पायांचा आहे, आणि तो मी थंड होऊ देणार नाही.